जुना वाडा दुरुस्त करताय? परांची बांधायच्या आधी कराचा हिशेब मांडा

"वाडा दीडशे वर्षांचा आहे. दुरुस्त करायला काढतोय. सरकार करात काही सूट देतं का हो?"

वाईजवळचा आमचा जुना वाडा दुरुस्त होऊन पुन्हा उभा राहिल्यापासून हा प्रश्न मला सतत विचारला जातो. आधी सरळ उत्तर देते. आपल्या आयकर कायद्यात 'ऐतिहासिक घर जपलं म्हणून मालकाला इतकी वजावट' असं एकही कलम नाही. अमेरिकेत मेरीलँड, न्यू यॉर्क अशा काही राज्यांत मालक स्वतः राहत असलेल्या नोंदणीकृत ऐतिहासिक घराच्या मान्यताप्राप्त दुरुस्तीखर्चाचे २० टक्के, अटी पाळल्या तर, राज्याच्या करातून वजा होतात. तशी सोय आपल्याकडे नाही. मला वाटतं ती असायला हवी. तालुक्यातालुक्यांतले वाडे पडतायत ते लोकांना त्यांची किंमत नाही म्हणून नव्हे, सागवानाची एक तुळई बदलायचा खर्च पेलवत नाही म्हणून.

पण वेगळं कलम नाही म्हणजे काहीच मिळत नाही असं नाही. सर्वांना लागू असलेल्या तरतुदींतूनच वाड्याच्या मालकाचे लाखो रुपये वाचू शकतात. फक्त ते घराच्या वयावर ठरत नाही. घर कोणाच्या नावावर आहे, ते कसं वापरता, पैसा कुठून आणला आणि पावती कोणत्या शब्दांत घेतली, यावर ठरतं. या चारही गोष्टी काम सुरू व्हायच्या आधी हातात असतात. नंतर त्या सहजासहजी बदलता येत नाहीत.

खाली कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले दिले आहेत, कारण सगळे सीए अजून त्याच क्रमांकांनी बोलतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला. त्यात क्रमांक बदलले, पण घरमालकाला लागणाऱ्या तरतुदींचा गाभा तोच आहे.

पहिली पायरी : घर कागदावर काय आहे ते बघा

शहरात असाल तर मालमत्ता पत्रक काढा, म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा. गावठाणात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत आता गावठाणातल्या घरांचीही मालमत्ता पत्रकं मिळतात. आमच्याकडे तीन पिढ्या फक्त घरपट्टीच्या पावत्या होत्या. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. बँक ती बघून दुरुस्तीचं कर्ज देत नाही, आणि कर्जाशिवाय व्याजाची वजावट नाही.

त्यानंतर पालिकेत जाऊन विचारा : आपलं घर वारसा यादीत आहे का, आणि असेल तर कोणत्या श्रेणीत? मुंबईत वारसा नियमावली १९९५ मध्ये आली, देशातली ती पहिली. राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू श्रेणी १ मध्ये, प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या श्रेणी २ मध्ये आणि परिसराच्या चेहऱ्यामोहऱ्यासाठी जपायच्या त्या श्रेणी ३ मध्ये अशी त्यात विभागणी आहे. इतर शहरांतही साधारण हीच पद्धत आहे. यादीत नाव आलं की घर गेलं, अशी भीती लोकांच्या मनात घट्ट बसली आहे. ते खरं नाही. मालकी तुमचीच राहते, फक्त पाडण्यावर आणि दर्शनी भाग बदलण्यावर वारसा समितीचं बंधन येतं. त्या बदल्यात काय मिळतं ते सातव्या पायरीत सांगते.

आणखी एक अंतर मोजून घ्या. घर केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत असेल, उदाहरणार्थ शनिवारवाड्याच्या आसपास, तर तिथे नवीन बांधकामाला बंदी आहे. असलेल्या घराची दुरुस्ती राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या परवानगीने करता येते. त्यापुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यातही परवानगी लागतेच. ती न घेता केलेल्या कामाचा खर्च नंतर कुठेही दाखवायला गेलात की अडचण होते, म्हणून हा कागद पहिल्यांदा.

दुसरी पायरी : नावं

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात किंवा जातात.

बहुतेक वाडे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर असतात. वारस नोंद झालेली नसते. आणि कुटुंबात कोणीतरी ठामपणे सांगतं, "वडिलोपार्जित आहे, म्हणजे एचयूएफचं," म्हणजे हिंदू एकत्र कुटुंबाचं. तसं आपोआप होत नाही. वडिलांची स्वतंत्र मालमत्ता १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलाकडे आली, तर ती त्याची वैयक्तिक मालमत्ता असते, मुलाच्या एकत्र कुटुंबाची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तुमचा वाडा खरोखर एकत्र कुटुंबाचा आहे की सहमालकांचा, हे वकिलाकडून लेखी घ्या.

फरक का पडतो ते बघा. सहमालकांचे हिस्से निश्चित असतील, तर घराचं उत्पन्न आणि व्याजाची वजावट प्रत्येकाच्या हिशेबात वेगळी धरली जाते. कमाल मर्यादाही प्रत्येकाला वेगळी मिळते. तीन भावंडं सहमालक असतील, तिघंही कर्जात अर्जदार असतील आणि तिघंही आपापल्या खात्यातून हप्ता भरत असतील, तर मर्यादा तिप्पट झाली. कर्ज एकट्या थोरल्याच्या नावावर असेल तर एकपट. आमच्याकडे धाकट्या काकांनी "सह्यांना परत परत कोण येणार" म्हणून कर्जात नाव घालायचं टाळलं. त्यांच्या हिश्श्याचं व्याज पुढे कुणालाच वजा करता आलं नाही.

एखाद्या बहिणीला किंवा आत्याला हिस्सा नको असेल तर हक्कसोड पत्र नोंदवून घ्या. जवळच्या नात्यात वडिलोपार्जित मालमत्तेसाठी मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. पण हे प्रेमाने आणि पूर्ण माहिती देऊन करा. २००५ पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि दडपणाखाली घेतलेल्या सहीवर उभा केलेला वाडा नंतर कोर्टात उभा राहतो.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेखालच्या पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते आणि आयकर कायद्याचं कलम ५ ए ते मान्य करतं. पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे घराचं भाडं आणि भांडवली नफासुद्धा (मालमत्ता विकून झालेला नफा), दोघांत निम्मं निम्मं विभागलं जातं. चांदोर किंवा लोटली भागातलं एखादं मोठं जुनं घर भाड्याने देताना हा विभाग विवरणपत्रात दाखवायला विसरू नका.

तिसरी पायरी : घर कसं वापरणार ते ठरवा

तीन वाटा आहेत. स्वतः राहणं, भाड्याने देणं, किंवा त्यात व्यवसाय करणं, म्हणजे निवास-न्याहारी, हॉटेल, चित्रीकरणासाठी देणं वगैरे. दुरुस्तीचा खर्च तोच असला तरी तिन्हींचा कर अगदी वेगळा निघतो. एक उदाहरण घेऊ : दुरुस्तीसाठी १५ लाखांचं कर्ज, ९ टक्के दर, म्हणजे पहिल्या वर्षी साधारण १,३५,००० रुपये व्याज.

स्वतः राहत असाल तर जुन्या करप्रणालीत दुरुस्तीच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट वर्षाला फक्त ३०,००० रुपये. गृहकर्जाची २ लाखांची जी मर्यादा सगळ्यांना पाठ असते, ती घर विकत घेण्यासाठी किंवा नवं बांधण्यासाठी आहे. दुरुस्ती, नूतनीकरण, पुनर्बांधणी यांना ३०,०००. आणि नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घरासाठी शून्य. कलम ८० सी मध्ये मुद्दलाची वजावटही दुरुस्तीला मिळत नाही. बँकेतला माणूस "मिळेल" म्हणाला तरी नाही. वर म्हटल्याप्रमाणे तीन सहमालक आणि सहकर्जदार असतील तर जुन्या प्रणालीत प्रत्येकी ३०,००० मिळून ९०,००० वजा होतात.

भाड्याने दिलं तर चित्र पालटतं. समजा दुरुस्त वाडा महिना २०,००० भाड्याने गेला. वर्षाचे २,४०,०००. त्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी, समजा १५,०००, वजा. उरले २,२५,०००. त्याच्या ३० टक्के, म्हणजे ६७,५००, दुरुस्ती केलीत की नाही हे न विचारता सरसकट वजा. उरले १,५७,५००. त्यातून पूर्ण व्याज १,३५,००० वजा. करपात्र राहिले फक्त २२,५००. हे नव्या प्रणालीतही चालतं. व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं तरच फरक पडतो : जुन्या प्रणालीत तो तोटा इतर उत्पन्नातून वर्षाला २ लाखांपर्यंत वजा करता येतो, नव्या प्रणालीत इतर उत्पन्नातून करता येत नाही.

वाडा मोठा असेल तर मधला मार्ग सगळ्यात शहाणपणाचा. आतला चौक आणि माजघर स्वतःकडे ठेवा, बाहेरची सोपा-ओसरी आणि वरचा दिवाणखाना भाड्याने द्या. पण त्या भागाचा वेगळा करार, वेगळं वीजमीटर आणि नकाशावर क्षेत्रफळ दाखवलेलं हवं. व्याज त्या प्रमाणात विभागलं जातं.

जुने भाडेकरू असतील, आणि शहरातल्या वाड्यांत ते असतातच, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये येतो. भाडं वर्षाला ४ टक्केच वाढवता येतं. कराच्या बाजूने एवढाच दिलासा की अशा खोल्यांचं 'अपेक्षित भाडं' भाडे कायद्याने ठरलेल्या प्रमाण भाड्याच्या वर धरता येत नाही. महिना पन्नास रुपये भाडं देणाऱ्या खोलीवर बाजारभावाने कर लावला जात नाही. दुरुस्ती काढण्यापूर्वी भाडेकरूंशी बसून बोला. त्यांचंही ते घर आहे, आणि त्यांचा विरोध असेल तर काम अडकू शकतं.

तिसरी वाट, व्यवसाय. पाहुण्यांसाठी खोल्या चालवल्यात तर उत्पन्न 'घराचं' राहत नाही, धंद्याचं होतं. तिथे चालू दुरुस्ती, म्हणजे चुन्याचा गिलावा परत करणं, कौलं चाळणं, कुजलेली फळी बदलणं, त्याच वर्षी पूर्ण खर्च म्हणून वजा होते. मोठ्या, टिकाऊ कामांवर घसारा मिळतो, म्हणजे खर्च दरवर्षी थोडाथोडा वजा होतो : राहण्यासाठी वापरायच्या इमारतीला ५ टक्के, हॉटेल आणि इतर इमारतींना १० टक्के. वारशाने आलेल्या वाड्याची मूळ किंमत पूर्वजांच्या काळातली, नगण्य असते. म्हणजे घसारा खऱ्या अर्थाने तुम्ही आज घातलेल्या पैशावरच मिळतो.

इथे एक सावधगिरी, जी मला सुरुवातीला कोणीच सांगितली नाही. ज्या भागावर घसारा घेतला तो पुढे विकला, तर २००१ च्या बाजारमूल्याचा आणि महागाई निर्देशांकाचा (जुनी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरण्याचा सरकारी आकडा) लाभ त्या भागाला मिळत नाही; हा लाभ काय ते आठव्या पायरीत येतं. म्हणून सगळा वाडा एकदम धंद्याच्या हिशेबात आणू नका. प्रत्यक्ष वापराचा भागच आणा.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या हेरिटेज हॉटेल वर्गीकरणासाठी इमारत १९५० पूर्वीची असावी लागते. तो दर्जा मिळाला म्हणून आयकर कमी होत नाही, पण खोलीला भाव चांगला मिळतो. निवास-न्याहारी चालवणाऱ्या बऱ्याच कुटुंबांची उलाढाल २० लाखांच्या आतच असते, त्यामुळे जीएसटी नोंदणीची गरज सहसा पडत नाही.

चौथी पायरी : कर्ज

थोडक्यात. बँकेचंच कर्ज हवं असं नाही, मामांकडून किंवा मित्राकडून घेतलेल्या कर्जावरचं व्याजही कलम २४ (बी) खाली चालतं. पण लेखी करार हवा, व्याजाचं प्रमाणपत्र हवं, आणि मामांनी ते व्याज आपल्या उत्पन्नात दाखवायला हवं. रक्कम २०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर ती रोख घेऊ नका. रोख कर्ज घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. वैयक्तिक कर्ज काढून वाड्यात घातलं तरी वापर दाखवता आला तर व्याज चालतं, म्हणून ते पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळू देऊ नका. वाड्यासाठी वेगळं खातं उघडा.

पाचवी पायरी : बिलं आणि पावत्या

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आमचं खरं नुकसान इथे झालं.

वाड्याचं काम म्हणजे फ्लॅटचं रिनोव्हेशन नव्हे. खालचा मजला दगडाचा, वर विटा, मध्ये सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट. हे सगळं चुन्यात बांधलेलं असतं, आणि चुना श्वास घेतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत अडकते, क्षार फुटतात, आणि दहा वर्षांत मूळ भिंत भुसभुशीत होते. म्हणून चुना मुरवणारा, घाणीत मळणारा, त्यात सुरखी, गूळ, बेलफळाचं पाणी घालणारा माणूस शोधावा लागतो. जुन्या सांध्यात नवं लाकूड बसवणारा सुतार शोधावा लागतो. ही माणसं बहुतेक वेळा रोख पैसे घेतात. त्यांच्याकडे बिलबुक नसतं, जीएसटी क्रमांक नसतो. पहिली दोन वर्षं आम्ही आठवड्याला हिशेब करून रोखीने पैसे देत गेलो. लाकूड पाडलेल्या वाड्यांच्या वखारीतून घेतलं, तेही कच्च्या चिठ्ठीवर. जवळजवळ निम्म्या खर्चाचा आज काही पुरावा नाही. हा पैसा कायद्याच्या दृष्टीने खर्च झालाच नाही.

म्हणून हे करा.

कारागिराला बँक खात्यात किंवा यूपीआयने पैसे द्या. त्याच्याकडे बिल नसेल तर तुम्ही व्हाउचर लिहा : नाव, गाव, कामाचं वर्णन, दिवस, रक्कम, सही. 'सुतारकाम' असं लिहू नका. 'पश्चिमेकडच्या ओसरीच्या दोन तुळया व पाच कड्या बदलल्या, सागवान' असं लिहा. वर्णनावरून एक गोष्ट ठरते : हे काम होतं तसं राखणं होतं की घराचं मूल्य वाढवणारी सुधारणा होती. धंद्यासाठी वापरत असाल तर पहिलं लगेच वजा होतं, दुसऱ्यावर घसारा. स्वतः राहत असाल तर उलट, पहिल्याचा आयकरात काही उपयोग नाही, पण दुसरं घराच्या किमतीत मिळवलं जातं आणि विकताना नफा कमी करतं. नुसतं रंगकाम, कौलं चाळणं हे पहिल्यात. नवीन छप्पर, पाया मजबूत करणं, संडास-न्हाणीघर नव्याने बांधणं, पूर्ण नवी वायरिंग हे दुसऱ्यात.

व्यवसायाच्या खर्चात एका माणसाला एका दिवशी १०,००० रुपयांहून जास्त रोख दिले तर तो खर्च अमान्य होतो.

कामाचा ठेका एकाच ठेकेदाराला दिला आणि वर्षात त्याला ५० लाखांहून जास्त रक्कम दिली, तर ज्यांना हिशेबतपासणी लागू नाही अशा साध्या घरमालकालाही कलम १९४ एम खाली टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून तो २ टक्के आहे. हे बऱ्याच मालकांना नोटीस आल्यावर कळतं.

आणि फोटो. काम सुरू होण्याआधी प्रत्येक खोलीचा, प्रत्येक भिंतीचा, तारखेसह. वास्तुविशारदाकडून सुरुवातीचा स्थितीअहवाल घ्या. त्यात कुठली तुळई वाकली आहे, कुठली भिंत फुगली आहे, कुठे वाळवी आहे हे नकाशावर दाखवलेलं असावं. हा एक अहवाल वारसा समिती, बँक आणि आयकर अधिकारी या तिघांनाही चालतो. त्याच्या फीची पावतीही सुधारणाखर्चात जाते.

सहावी पायरी : घरपट्टी

आयकराच्या नादात लोक पालिका विसरतात. मोठ्या दुरुस्तीनंतर पालिका कराची फेरआकारणी करू शकते. कामाच्या परवानगीत 'दुरुस्ती' आणि 'वाढीव बांधकाम' हे शब्द कुठे वापरलेत त्यावर बरंच अवलंबून असतं. क्षेत्रफळ वाढलं नसेल तर आधीच्या आणि नंतरच्या मोजमापाचा नकाशा जोडून तसं लेखी कळवा.

पुण्यात स्वतः राहत्या घराला करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत आहे. मध्ये ती बंद झाली होती, २०२३ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने पुन्हा सुरू झाली. त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. पेठांतल्या कितीतरी वाड्यांच्या मालकांनी तो भरलेलाच नाही, कारण बिल अजून आजोबांच्या नावाने येतं. उलट बाजूने, वाड्यात हॉटेल किंवा ऑफिस आलं की तेवढ्या भागाला बिगरनिवासी दर लागतो. तिसऱ्या पायरीचा हिशेब करताना तो धरायला विसरू नका.

आणि पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली तर गप्प बसू नका. तिला मुदतीत, संरचना अभियंत्याच्या अहवालासह उत्तर द्या की इमारत दुरुस्त होण्याजोगी आहे. दुरुस्त होऊ शकणारे कितीतरी चांगले वाडे केवळ उत्तर न दिल्याने पाडले गेले आहेत.

सातवी पायरी : यादीत असाल तर त्याचा मोबदला

वारसा यादीतल्या घरावर समितीच्या परवानगीशिवाय मजले चढवता येत नाहीत. जी बांधकामक्षमता वापरता आली नाही, ती मालकाला विकास हक्क प्रमाणपत्राच्या रूपाने, म्हणजे टीडीआर म्हणून, मिळण्याची तरतूद मुंबईच्या नियमावलीत आहे आणि राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही आहे. तो टीडीआर बांधकाम व्यावसायिकाला विकता येतो आणि आलेला पैसा दुरुस्तीत घालता येतो. आपल्याकडे वारसा जपण्यासाठी मालकाला मिळणारा खराखुरा पैसा हाच. करसवलतीपेक्षा तो कितीतरी मोठा असू शकतो.

त्यावरचा कर मात्र आता बदलला आहे. पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की ज्या टीडीआरला मिळवण्याची किंमतच नाही, त्याच्या विक्रीवर भांडवली नफा मोजता येत नाही. पण २०२३ च्या वित्त कायद्याने अशा हक्कांची मिळवण्याची किंमत शून्य धरायची असं ठरवलं, आणि २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून ते लागू झालं. शून्य किंमत म्हणजे संपूर्ण विक्री रक्कम नफा. जुन्या निकालाच्या भरवशावर कोणी "टीडीआर करमुक्त आहे" असं सांगितलं तर ते आजचं नाही, जुनं आहे. विक्रीचा करार करण्यापूर्वी सीएला दाखवा.

वारसा नियमांत आणखी एक सोय आहे जिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. घर आहे त्या रूपात सांभाळायची लेखी हमी दिली, तर समितीच्या संमतीने निवासी भागाचा वापर ऑफिस किंवा हॉटेलसाठी बदलता येतो. हमी मोडली की ती परवानगी जाते. ज्यांना वाडा स्वतःच्या पायावर उभा करायचा आहे, त्यांच्यासाठी मला हीच वाट सगळ्यात चांगली वाटते.

ट्रस्ट करावा का, असंही विचारतात. 'ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाच्या वास्तूंचं जतन' हा धर्मादाय हेतू असल्याचं आयकर कायदा स्पष्ट मान्य करतो. जतनाचं नाव घेऊन करमाफी देणारी कायद्यातली ही दुर्मीळ जागा. पण ट्रस्ट झाला की वाडा तुमचा राहत नाही. कुटुंबाने त्यात राहायचं आणि करमाफीही घ्यायची, हे चालत नाही. ज्या कुटुंबात पुढे कोणी राहणारच नाही, तिथेच हा विचार करा.

आठवी पायरी : विक्री, आणि पुढची पिढी

वाडा विकायचा नसतोच. पण मागची परसबाग विकावी लागते, एखाद्या भावाचा हिस्सा बाहेर जातो. त्या दिवशी पाचव्या पायरीतली फाईल उपयोगी येते.

१ एप्रिल २००१ पूर्वीपासून कुटुंबात असलेल्या घराची किंमत त्या दिवशीच्या बाजारमूल्याने धरता येते. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या. त्या दिवशीचं मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल तर त्याहून जास्त धरता येत नाही. २००१ पूर्वीच्या दुरुस्त्या वेगळ्या मोजल्या जात नाहीत, नंतरच्या सुधारणा मोजल्या जातात. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या जमीन-इमारतीसाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तीला आणि एचयूएफला दोन पर्याय आहेत : महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के, किंवा लावून २० टक्के. ज्यात कर कमी तो.

आकड्यांत बघा. २००१ चं मूल्य २० लाख. २०१८-१९ मध्ये सुधारणेवर १४ लाख. २०२५-२६ मध्ये विक्री दीड कोटी. निर्देशांक २००१ चा १००, २०१८-१९ चा २८०, २०२५-२६ चा ३७६. २० लाखांचे ७५.२ लाख झाले, १४ लाखांचे १८.८ लाख. नफा ५६ लाख, २० टक्क्यांनी कर ११.२० लाख. निर्देशांक न लावता नफा ११६ लाख आणि कर १४.५० लाख. म्हणजे निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय. आता समजा त्या १४ लाखांच्या पावत्याच नाहीत. मग निर्देशांक लावूनही कर १४.९६ लाख होतो. फरक ३ लाख ७६ हजारांचा. अधिभार आणि उपकर वेगळा.

भाऊ अमेरिकेत असेल तर लक्षात ठेवा, निर्देशांकाचा हा पर्याय अनिवासी व्यक्तीला नाही. त्याच्या हिश्श्याचा कर १२.५ टक्क्यांनीच मोजला जातो, आणि घेणाऱ्याला त्याच्या रकमेतून टीडीएसही जास्त कापावा लागतो. एकाच वाड्याचे दोन सख्खे भाऊ, पण कर वेगळा. हे आधी सांगितलं नाही तर व्यवहाराच्या दिवशी रजिस्ट्रार कचेरीत वाद होतो.

बँकेच्या व्याजाची वजावट आधी घेतली असेल तर तेच व्याज घराच्या किमतीत पुन्हा मिळवता येत नाही. आणि राहतं घर विकून दुसरं घेतलं तर कलम ५४ ची सूट आहेच : विक्रीच्या एक वर्ष आधी ते दोन वर्षं नंतर खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम.

शेवटी फाईल किती वर्षं ठेवायची? आयकराची कागदपत्रं सात-आठ वर्षांनी फेकायची सवय असते. वाड्याची फेकू नका. वारशाने घर मिळालेल्याला आधीच्या मालकाने केलेला सुधारणाखर्चही मोजता येतो. तुम्ही आज बदललेल्या तुळईची पावती तुमच्या नातीच्या विवरणपत्रात चालते. आमची फाईल माजघरातल्या फडताळात, घराच्या जुन्या सनदेच्या शेजारी ठेवली आहे. तिची स्कॅन केलेली प्रत चारही चुलत भावंडांकडे आहे, आणि नवीन काम झालं की त्याच आठवड्यात तिच्यात पान वाढतं.